वित्त, जीवित आणि काला

रोह्याकडच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताहाची समाप्ती होती. काल्याचे कीर्तन झाले, हंडी फुटली, लाह्या-दह्याचा प्रसाद हातोहात वाटला गेला आणि टाळकरी मंडळी पंगतीकडे वळली. तेवढ्यात एक तरुण जवळ आला. पंचविशीच्या आतबाहेरचा, अंगाने किरकोळ, गळ्यात माळ. पाया पडून म्हणाला, "बुवा, एक विचारू का? रागावणार नसाल तर."

"अरे, विचार. काल्याच्या दिवशी रागवायचे कसे?"

"जीव धोक्यात घालून मोठी रक्कम मिळत असेल, तर घालावा का?"

मी त्याला शेजारी बसवून घेतले. म्हटले, "रक्कम कसली आणि धोका कसला, ते आधी सांग."

त्याने सांगितले ते थोडक्यात असे. तो धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. टाकीत उतरून ती साफ करावयाची असली, की त्या दिवसाची मजुरी कंत्राटदार वाढवून देतो. पण टाकीत वायू साचलेला असतो, आणि तोंडाला लावायचा मास्क असला तर असतो, नसला तर नसतो. दुसरे असे, की मुंबईच्या एका गोविंदा पथकाने त्याला बोलावले होते. अंग हलके, चढायची सवय, म्हणून वरच्या थराला. हंडी लाखांची. तिसरी गोष्ट त्याने खाली मान घालून सांगितली. २०१० साली पेणच्या एका सहकारी बँकेचे व्यवहार थांबले, लाखाहून अधिक ठेवीदारांचा पैसा अडकला. त्यात त्याच्या बापाची जन्माची पुंजी होती. बापाने तेव्हापासून हाय खाल्ली. आता बहिणीचे लग्न डोक्यावर आहे.

"आई म्हणते, नको. सोबती म्हणतात, भिऊन कुठे पैसा मिळतो? आणि बुवा, तुम्ही तर नेहमी सांगता, देह नाशिवंत आहे. मग नाशिवंताला इतके जपायचे कशाला?"

शेवटचे वाक्य मला लागले. आमच्याच तोंडचे शब्द, आणि ते कुठवर गेले पाहा! त्या दिवशी मी दिलेले उत्तर घाईचे होते. पंगत खोळंबली होती. घरी आल्यावर पोथ्या काढून बसलो, चार जाणत्यांशी बोललो. जे हाती लागले, ते वाचक सज्जनांपुढे ठेवतो. न्यूनाधिक असेल ते संतांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम हे सांगावयाचे, की प्रश्न नवा नाही. श्रीमद्भागवताच्या सातव्या स्कंधात, सहाव्या अध्यायात, प्रल्हाद आपल्या सवंगड्यांना उपदेश करतो. गुरुजी घरच्या कामास गेलेले, दैत्यांच्या मुलांनी त्याला खेळावयास हाक मारलेली, अशी ती वेळ. त्या खेळाच्या वेळी तो मुलांना म्हणतो, की द्रव्याची तहान सोडवणार कोणाला? ती माणसाला प्राणाहूनही प्रिय वाटते. चोर, चाकर आणि व्यापारी हे तिघे तर आपला लाडका प्राण देऊन द्रव्य विकत घेतात.

यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, प्रल्हाद कोणाला हिणवीत नाही. ही तहान सुटणे किती अवघड, हेच तो बोलून दाखवतो. दुसरी, तो विकत घेण्याची भाषा बोलतो. म्हणजे जीव हे नाणे झाले. आता बाजारात आपण नाणे देतो आणि वस्तू घेऊन घरी येतो. येथे नाणे खर्ची पडले, तर वस्तू घेऊन घरी येणारा उरतच नाही! असा हा सौदा. तरीही तिघे तो करतात. तिघांचा विचार वेगवेगळा करू, कारण तिघांचे पाप-पुण्य एका मापाने मोजता येत नाही.

चोराचे प्रकरण सोपे आहे. तो आपला जीव टांगणीला लावतो हे खरे, पण त्याबरोबर दुसऱ्याचाही लावतो. धाडस दोघांच्या जिवावरचे आणि मिळकत एकाची. त्याला धाडस हे नाव शोभत नाही. पण चोरसुद्धा या व्यवहारातून सुटू शकतो, याचा दाखला आपल्याच मातीतल्या एका पुरुषाने दिला. पेण तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला. मे १९६० मध्ये ते चंबळच्या खोऱ्यात पायी फिरले. ज्यांच्या डोक्यावर सरकारने बक्षिसे लावली होती, ज्यांनी पैशासाठी जीव घेतले होते आणि रोज आपलाही पणाला लावला होता, अशा सुमारे वीस डाकूंनी विनोबांपुढे येऊन शस्त्रे खाली ठेवली. विनोबांनी त्यांना काय देऊ केले? पैसा नव्हे, तो त्यांच्यापाशी नव्हताच. पवनारच्या आश्रमात १९५०च्या सुमारास कांचनमुक्तीचा प्रयोग करणारा तो पुरुष. शिक्षेची माफीही नव्हे. डाकू कायद्याच्या स्वाधीन झाले. विनोबांनी त्यांना इतकेच पटवले, की ज्या किमतीला तुम्ही जीव विकीत आहात, त्याहून तो महाग आहे. माणसाला आपल्या जिवाचे खरे मोल कळले, की सौदा आपोआप मोडतो.

चाकराचे प्रकरण इतके सोपे नाही. चाकर म्हणजे पोटासाठी दुसऱ्याच्या कामावर जाणारा. तो हौसेने जीव घालत नाही. धाटावच्या वसाहतीत डिसेंबर २०२४ मध्ये एका कारखान्यात टाकीचा स्फोट होऊन तीन कामगार मृत्युमुखी पडले. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या वसाहतीत स्फोट व आग होऊन अकरा जण गेले. ही माणसे कोणत्या मोठ्या रकमेसाठी गेली? महिन्याच्या पगारासाठी. त्यांना जाऊन कोणी विचारावे, की बाबांनो, जिवापेक्षा पैसा मोठा मानलात का? असे विचारणे हा क्रूरपणा होईल. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. बोगद्यांतून गाडी जाते तेव्हा आपण खिडकीतून डोंगर पाहतो. ती बांधताना अनेक कामगार प्राणास मुकले. रत्नागिरीस त्यांचे स्मारक आहे. आपली कित्येक सुखे अशी कोणाच्या तरी जिवावर उभी आहेत.

येथे वारकऱ्यास चोखोबांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालले होते. त्या कामाला चोखोबांना लावले. भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा आणि इतर मजूर गाडले गेले. हा प्रसंग इ. स. १३३८ चा मानतात. पुढे नामदेवराय तेथे गेले, ढिगाऱ्यातील अस्थी कानाशी लावून पाहिल्या. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे ओळखून त्यांनी त्या पंढरीस आणल्या आणि महाद्वारी समाधी दिली. आपण पायरीशी वाकतो आणि समोर चोखोबांच्या समाधीस हात जोडतो. हात जोडताना कधी मनात येते का, की हा संत भिंतीखाली मेला? ती भिंत कच्ची आहे की पक्की, हे पाहणे कोणाचे काम होते? ज्यांनी भिंत बांधावयास लावली, त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. मजुराचे नाव मात्र पंढरीच्या दारात आहे. पांडुरंगाने कोणाची बाजू घेतली, हे यावरून उघड आहे.

तात्पर्य, चाकर धोक्यात उतरतो तेव्हा "तू का उतरलास?" हा पहिला प्रश्न नव्हे. "त्याला असे का उतरावे लागले?" हा पहिला. टाकीत उतरण्याची रीत ठरलेली आहे. आधी आतली हवा तपासावी, वायू काढून टाकावा, श्वासाचे साधन द्यावे, कमरेला पट्टा आणि दोर असावा, वर एक माणूस सतत उभा असावा, आणि हे सर्व झाल्याचा लेखी परवाना असावा. आत बेशुद्ध पडलेल्याला काढावयास दुसरा तसाच उतरतो आणि तोही पडतो, अशा रीतीने एकाच्या जागी दोघे-तिघे जातात. हे सर्व टाळता येते. त्याला खर्च येतो. मग जादा मजुरी म्हणजे काय? साधनावर जो खर्च करावयाचा, त्यातले थोडे मजुराच्या हातावर ठेवून त्याच्या जिवाचा धोका त्याच्याच गळ्यात बांधावयाचा. ही मजुरी नव्हे. मजुराचीच वस्तू त्याला अर्ध्या किमतीत विकणे आहे.

आता तिसरा, व्यापारी. आपल्या कोकणच्या माणसाला समुद्र नवा नाही. पूर्वी गलबते जात. आज आपली मुले परदेशी जहाजांवर नोकरीस जातात. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले होऊ लागले. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय करारात याची तजवीज आहे. असा भाग युद्धक्षेत्र म्हणून जाहीर झाला, की तेथे असेतोवर मूळ पगाराइतका जादा भत्ता द्यावयाचा, दगावल्यास भरपाई दुप्पट. आणि मुख्य म्हणजे, खलाशी "मी त्या भागात येत नाही" असे म्हणू शकतो, मग मालकाने त्याला स्वखर्चाने घरी पोचवावयाचे. हा शेवटचा हक्क मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याला नको म्हणता येते, त्याचे हो हे खरे हो. ज्याला नको म्हटले की उद्या कामावरून कमी करतात, त्याच्या होकाराला होकार म्हणू नये.

तुकोबाराय जातीचे वाणी नव्हते, पण घरी वाण्याचा धंदा होता, महाजनकी होती. व्यापारातला धोका त्यांनी जन्मभर पाहिला. त्यांनी धन मिळवू नये असे कधी सांगितले नाही. चांगल्या व्यवहाराने मिळवावे आणि उदास मनाने खर्चावे, असे सांगितले. दुष्काळाने घर बुडाले, तेव्हा वसुलीची खते त्यांच्यापाशी होती. परंपरा सांगते, की त्यांनी भावाच्या वाट्याची खते भावास दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. दोन गोष्टी नीट पाहा. आपले ते बुडवले. भावाचे ते बुडवले नाही. स्वतःचे पणाला लावण्याचा अधिकार माणसाला आहे, दुसऱ्याचे लावण्याचा नाही. हा नियम जिवालाही लागू आहे. पण जीव निव्वळ आपला असतो का? त्या तरुणाच्या जिवात आईचा वाटा आहे, बहिणीचा आहे, खचलेल्या बापाचा तर मोठाच आहे. वाटेकऱ्यांना न विचारता सामाईक जमीन विकता येत नाही. मग सामाईक जीव विकता येईल?

आता त्याच्या मुख्य शंकेकडे येऊ. देह नाशिवंत आहे, मग त्याला जपावयाचे कशाला?

या शंकेचे समाधान नाथमहाराजांनी चारशेपन्नास वर्षांपूर्वी करून ठेवले आहे. भागवताच्या एकादश स्कंधावरची त्यांची टीका काशीस १५७३ साली पूर्ण झाली. तिच्या नवव्या अध्यायात देहाचा विचार आहे. त्याचा आशय असा, की देह वाईट म्हणून टाकून दिला तर मोक्षाचे सुख हातचे जाते. देह चांगला म्हणून त्याचे लाड केले तर अधोगती ठेवलेली. मग करावे काय? टाकूही नये, भोगूही नये. भगवंताच्या कामी लावावा. चंद्रभागा भरली असता पलीकडे जाण्यास होडी लागते. होडीची कोणी पूजा करीत बसत नाही. पण नदीच्या मध्यावर, लाकूड चांगले आहे, चार पैसे येतील, म्हणून तिच्या फळ्याही कोणी उपटून विकत नाही. होडी उद्या कुजणार आहे, हे नावाड्याला ठाऊक असते. म्हणूनच तो ती आज जपतो.

आणि दुसरे. देह नाशिवंत, तसा पैसा काय अविनाशी आहे? त्याच्या बापाने घाम गाळून मिळवलेला पैसा बँकेत ठेवला आणि तो बँकेतच राहिला. नाशिवंत म्हणून देह द्यावयाचा आणि त्याच्या बदल्यात त्याहून नाशिवंत वस्तू घ्यावयाची, हा वैराग्याचा हिशेब नव्हे. आम्ही कीर्तनकारांनी देहाची नश्वरता सांगताना वित्ताची नश्वरताही तितक्याच जोराने सांगितली पाहिजे. ती सांगताना आमचा आवाज थोडा खाली येतो, कारण समोर देणगीदार बसलेले असतात. हा दोष माझाही आहे, कबूल करतो.

कोणी म्हणेल, बुवा, तुमच्या भक्तांनीही जीव धोक्यात घातलाच की! होय, घातला. प्रल्हादालाच कड्यावरून लोटले, आगीत टाकले. मंगळवेढ्याचेच दामाजीपंत घ्या. बिदरच्या बादशहाचा हा अधिकारी. दुष्काळात लोक अन्नावाचून मरू लागले, तेव्हा त्याने सरकारी धान्याची कोठारे लुटवली. याची शिक्षा गर्दन मारणे, हे त्याला ठाऊक नव्हते काय? पुढे विठू महार होऊन पांडुरंग बिदरच्या दरबारी गेला आणि त्याने रक्कम भरून पावती घेतली, ही कथा आपण सर्व जाणतो. आपल्याच जिल्ह्यात, पेणला लागून असलेल्या खालापूर तालुक्यात, १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मदतीला भरपावसात अंधारात डोंगर चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एक अधिकारी हृदयविकाराने गेला. त्याने जीव धोक्यात घातला नाही काय? घातला, पण पलीकडच्या तागडीत दुसऱ्यांचे जीव होते. जिवाच्या बदल्यात जीव, हे माप जुळते. जिवाच्या बदल्यात रक्कम, हे माप कोणत्याही तागडीत जुळत नाही. म्हणून धोका वाईट की चांगला हा प्रश्नच नव्हे; पलीकडच्या पारड्यात काय आहे, हा प्रश्न आहे.

आता हंडीकडे वळू. हंडी आपली आहे, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि जबाबदारीही आहे.

काला म्हणजे काय? गोकुळातल्या गड्यांनी आपापल्या घरची शिदोरी आणली. कोणाची ताजी, कोणाची शिळी. कृष्णाने ती एकत्र कालवली आणि सर्वांना सारखी वाटली. लंगडा पेंद्याही त्यात, बोबडाही त्यात. हंडी शिंक्यावर टांगलेली होती, ती पोरांच्या हाती लागू नये म्हणून. वर चढलेल्या गड्याने एकट्याने दही खाल्ले असे कोणत्याही कीर्तनात ऐकले आहे का? खाली पाठ देणाऱ्याचा वाटा वर चढणाऱ्याइतकाच. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरास जो काला होतो, आपल्या सप्ताहाच्या शेवटी जो होतो, त्यात हंडी कीर्तनकाराच्या हाताला येईल एवढ्याच उंचीवर असते. कोणी पडत नाही. कोणी हरत नाही. प्रसाद सर्वांना पुरतो.

आता गोकुळाष्टमीच्या चौकातील हंडी पाहा. वर दह्याऐवजी रकमेची पाटी. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने मनोऱ्याची उंची २० फुटांवर जाऊ नये आणि १८ वर्षांखालील मुले त्यात नसावीत, असे सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, परत आले; २०१७ साली उंचीची मर्यादा सुटली, वयाची मर्यादा १४ वर्षांवर आली. २०२२ साली शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि गोविंदा दगावल्यास त्याच्या वारसांना १० लाख रुपये देण्याचे ठरवले. २०२५ साली ठाण्यात दहा थरांचा मनोरा लागला. त्या पथकास २५ लाखांचे पारितोषिक मिळाले. त्याच दिवशी मुंबईत तीनशेहून अधिक गोविंदा जखमी झाले, आणि मानखुर्दला हंडीचा दोर बांधणारा एक जण वरून पडून मरण पावला.

जरा हिशेब करू. हंडी २५ लाखांची आणि जीव १० लाखांचा! आकडे दोन ठिकाणचे आहेत, हे मान्य. पण शेजारी शेजारी मांडले, की लाज वाटते. आणखी एक हिशेब. एवढ्या मनोऱ्यास अडीचशे माणसे लागली असे धरा. २५ लाखांची वाटणी केली तर माणशी १० हजार येतात. त्यातून महिनोन्महिन्यांच्या सरावाचा, गाड्यांचा, खाण्यापिण्याचा, सदऱ्यांचा खर्च वजा जाणार. म्हणजे मोठी रक्कम पाटीवर दिसते, पण चढणाऱ्याच्या हाती मोठी रक्कम येतच नाही. मोठे नाव येते ते दोर बांधणाऱ्याचे. त्याचे छायाचित्र चौकाचौकात लागते.

म्हणून मी त्या तरुणाला आज दुसरे काही सांगण्याआधी हे सांगेन, की बाळा, "मी चढावे का?" हा प्रश्न तुझा आहे, पण "हंडी इतकी उंच कोणी बांधली?" हा प्रश्न आम्हा सर्वांचा आहे. गरजवंताच्या डोक्यावर रक्कम टांगावयाची, तो पडला तर "त्याच्या मर्जीने चढला" म्हणावयाचे, हे न्यायाचे बोलणे नव्हे. चढणाऱ्याचा लोभ असेल मूठभर. टांगणाऱ्याचा अहंकार दहा थरांचा असतो.

गोविंदा मंडळी यावर म्हणतील, की आम्ही पैशासाठी चढत नाही. एकमेकांच्या खांद्यावर पाय देण्यात एक विश्वास आहे, तो गावात दुसरीकडे कुठे राहिलाय? हे म्हणणे मी खोटे मानणार नाही. जात-पात न विचारता दोनशे माणसे एकमेकांना धरून उभी राहतात, ही काल्याचीच खूण आहे. पण मग ती खूण सांभाळावयास रकमेची गरज काय? चार थरांनी विश्वास कमी होतो आणि नवव्या थराने वाढतो, असे आहे का? वरच्या थराला पोर चढवताना खालच्या तरुणांच्या मनात देव असतो, की पाटीवरचा आकडा असतो, हे ज्याचे त्याने आपल्याशी विचारावे.

एवंच, जो कोणी अशा पेचात पडेल, त्याने आपल्या मनाला चार प्रश्न विचारावेत. पहिला, पलीकडच्या पारड्यात काय आहे; कोणाचा जीव, घरची भाकरी, की नुसती वाढीव रक्कम? दुसरा, हा जीव माझ्या एकट्याचा आहे का. ज्यांचा यात वाटा आहे त्यांना मी सर्व खरे सांगितले का? तिसरा, हा धोका मुळातच टळण्यासारखा आहे का. आणि टळण्यासारखा असून कोणी तरी आपला खर्च वाचवण्यासाठी तो माझ्यावर ढकलीत आहे का? चौथा, मला नको म्हणता येते का? पहिल्याचे उत्तर "रक्कम" असेल तर थांबावे. दुसऱ्याचे उत्तर लपवावे लागत असेल तर थांबावे. तिसऱ्याचे "होय" असेल तर साधन मागावे आणि मिळेपर्यंत उतरू नये. चौथ्याचे "नाही" असेल तर एकट्याने लढू नये. चार सोबती जमवावेत, कारण एकट्याचे नको कंत्राटदाराला ऐकू येत नाही, चाळीस जणांचे ऐकू येते.

त्या तरुणाने हे ऐकून पुढे विचारले असते, "सर्व पटले बुवा, पण बहिणीच्या लग्नाचे काय?" आणि येथेच आम्हा माळकऱ्यांची परीक्षा आहे. नुसते "जीव सांभाळ" म्हणून आम्ही पंगतीला बसलो, तर आमचा उपदेश पोकळ. ज्या गावात सप्ताहाचा मंडप, रोषणाई, ध्वनिवर्धक यांवर पैसा जमतो, त्या गावात एका माळकऱ्याच्या मुलीचे लग्न साधेपणाने, हुंड्यावाचून, सप्ताहाच्या मंडपातच का लागू नये? पंगत तयारच असते, वाद्ये तयारच असतात, आणि साक्षीला पांडुरंग उभा असतो. ज्याची शिदोरी शिळी आहे त्याची ताजीत मिसळावयाची, याचेच नाव काला. तो वर्षातून एक दिवस लाह्यांचा करावयाचा आणि उरलेले दिवस ज्याने त्याने आपापले पाहावयाचे, हे गोपाळकृष्णाला मान्य होणार नाही.

मी त्या गावच्या मंडळींना तसे पत्राने कळवले आहे. उत्तर यावयाचे आहे. तो तरुण यंदा वरच्या थराला चढणार की नाही, टाकीत उतरणार की मास्क मागणार, हे मला ठाऊक नाही; ते त्याच्या हाती आहे, आणि थोडेसे आपल्याही. पेण, रोहे, आणि जेथे जेथे हे मासिक जाते तेथील मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे, की येत्या अष्टमीला हंडीचा दोर हाताला येईल एवढा खाली घ्या. पाटी काढा. दही राहू द्या.

रामकृष्णहरि.